शेठच्या गाडीची पहिली किक

माझ्या मित्राने मला फसवलं. भंगारवाल्याने नाही, रंगाऱ्याने नाही, क्रोम करणाऱ्यानेही नाही. त्यांनी आपापल्या परीने प्रयत्न केले, पण भाव करण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यांना मी पुरून उरलो. फसवलं ते अशा माणसाने, ज्याच्याशी मी जन्मात कधी घासाघीस केली नाही.

विषय एका जुन्या मोटरसायकलचा आहे. सध्या ती मुलुंडला माझ्या तळमजल्यावरच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. रंग झकास, क्रोम चकचकीत, वायरिंग नवं, दिवा लागतो, हॉर्न वाजतो. आणि मला तिच्याकडे बघवत नाही. बायको म्हणते, "एवढा जीव काढलात तिच्यापायी, आता फिरवा तरी." मी पेपर वाचत असल्यासारखं करतो. थकलोय मी. रागवायलाही ताकद लागते. ती हल्ली सकाळी असते आणि जेवणापर्यंत संपते.

गाडी मुळात घाटकोपरच्या एका शेठची. त्याचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान होतं. वायर, स्विच, होल्डर, आत माळ्यावर पंख्यांचं वाइंडिंग. मी आणि मित्र एकाच चाळीतले, दोघांचे बाप गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले. शाळा आटोपली आणि दोघंही शेठकडे कामाला लागलो. सकाळी शटर वर करायचं, पायरी झाडायची, देवाला उदबत्ती लावायची आणि मग गाडी पुसायची. टाकी आणि हँडल माझ्याकडे, चाकं मित्राकडे. पुसायची, पण बसायचं नाही. स्टँडवरून हलवायचीही नाही. शेठ स्वतः यायचा, पायाने किक थोडी थोडी दाबत हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचा, आणि मग एकच किक मारायचा. तो आवाज आला की समोरचा दूधवालासुद्धा मान वर करून बघायचा.

एका दुपारी शेठ जेवायला घरी गेला होता. मित्र म्हणाला, "बस ना. कोण बघतंय?" मी बसलो. हँडल धरलं. तेवढ्यात शेठ चष्मा विसरला म्हणून परत आला.

"उतर," शेठ म्हणाला. "किल्ल्या ठेव गल्ल्यावर. उद्यापासून यायचं नाही."

दुकानात गिऱ्हाईक होतं. एक बाई होल्डर घ्यायला आली होती, ती माझ्याकडे बघत होती. मी मित्राकडे बघितलं. तो खाली बसून चाक पुसत होता. पुसतच राहिला.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. फूटपाथवर टेबल लावून वायरी विकल्या, मग भाड्याचा गाळा, मग स्वतःचा, मग बिल्डिंगांची कामं. कोणी हात दिला नाही आणि मी कोणाकडे मागितला नाही. मित्र मात्र शेठचं दुकान बंद होईपर्यंत तिथेच राहिला. वाइंडिंग शिकला, वायरिंग शिकला. आमची मैत्री तुटली नाही. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही, एवढंच.

बातमी त्यानेच आणली. शेठचं वय झालं होतं, गाडी त्यांच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये ताडपत्रीखाली गंजत पडली होती, सोसायटीने ती हलवायला सांगितलं होतं. शेठच्या मुलाला ती भंगारात द्यायची होती. मी त्या मुलाला गाठलं आणि असा भाव केला की शेवटी तोच म्हणाला, "काका, घेऊन जा बाबा, माझं डोकं दुखायला लागलं." शेठ तेव्हा वर घरातच होता. मी मुद्दाम वर गेलो नाही.

गाडी टेंपोत चढवताना मी मित्राला सांगून टाकलं.

"ही चालू करायची. पूर्ण, पहिल्यासारखी. मग इथे, त्याच्या गॅलरीखाली आणायची. मी किक मारणार. तो बाहेर येईल. मी वर बघणार."

"आणि मग?"

"मग काही नाही. बघणार."

"बस्स?"

"बस्स. पण तोवर त्याने हिचा आवाज ऐकायचा नाही. पहिली किक माझी, तिथली किकसुद्धा माझी. जाताना गाडी मी चालवणार, येताना तू."

"मान्य," तो म्हणाला आणि माझ्या हातावर टाळी दिली. आमच्यात टाळी दिली की करार झाला. कागद लागत नाही.

गाडी सोडवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. प्रत्येक नट गंजून एकजीव झालेला. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलमध्ये भिजत ठेवायचे, ठोकायचे, परत भिजवायचे. टाकीतून उंदराचं घरटं निघालं. बायको म्हणाली, "त्या उंदरालाच विचारा, गाडी द्यायची का तुम्हाला." सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या भंगार बाजारात फेऱ्या मारल्या. अँपिअर मीटर मिळेना. एका म्हाताऱ्या दुकानदाराने पिशवीतून एक काढला.

मी विचारलं, "चाचा, चलता है क्या?"

"चलता नहीं, दौड़ता है."

"काच फुटलेली आहे."

"तो तुम्हारा चश्मा कौनसा नया है?"

मी दुकानातून तीनदा उठलो, तीनदा त्याने परत बोलावलं. मित्र बाहेर उभा राहून जांभया देत होता. शेवटी माझ्या भावात मीटर घेऊन मी बाहेर आलो, तर म्हणतो, "अर्ध्या दिवसाचा खाडा झाला आपला. तो धरलास का हिशेबात?" असे टोमणे तो नेहमी मारायचा. मला राग यायचा नाही. त्याचा कधी आलाच नाही.

वायरिंग सगळं त्याने केलं. बाजारात तयार वायरिंग मिळतं, आणून जोडायचं. तो ऐकेना. जुन्या वायरींचं रबर हात लावला की बिस्किटासारखं तुटत होतं, तरी त्याने ते अख्खं जाळं अलगद बाहेर काढलं आणि माझ्या हॉलमध्ये प्लायवूडवर पसरलं. जिथे जिथे फाटा फुटत होता तिथे खिळा ठोकला. एक फाटा दिव्याकडे, एक हॉर्नकडे, एक डायनामोकडे, एक मागच्या लाल दिव्याकडे. मग त्याच खिळ्यांवरून नव्या वायरी ओढल्या. कित्येक दिवस आम्ही टीव्ही बघायला त्या प्लायवूडला वळसा घालून जात होतो. प्रत्येक जॉइंटला सोल्डरचा डाग दिला की तो दोन्ही हातांनी ओढून बघायचा.

"शेठ असाच ओढायचा," तो म्हणायचा.

"दर जॉइंटला सांगितलंच पाहिजे का?"

"अरे, ज्याने शिकवलं त्याचं नाव नको घ्यायला?"

"माझ्या घरात नको."

तो हसायचा. पुढच्या जॉइंटला परत तेच.

खरं भांडण रंगावरून झालं. सांगाडा मी भांडुपला एका रंगाऱ्याकडून करून घेतला होता. भट्टीत भाजलेला काळा रंग, जाड, आरशासारखा. रंगाऱ्याशी मी असा भांडलो होतो की त्याने एक हात जास्तच मारला असेल. सगळं जोडून झालं, बॅटरी लावली, आणि काहीच लागेना. दिवा नाही, हॉर्न नाही, मीटरचा काटा मेलेला. मित्राने टेस्ट लँप लावून बघितला आणि बाकावर बसला.

"अर्थिंग मिळत नाही," तो म्हणाला. "ह्या गाडीत करंटचा परतीचा रस्ता सांगाड्यातून आहे. तू त्याला रंगाची गोधडी गुंडाळलीस. खरवडावा लागेल."

"कुठे?"

"बॅटरीखाली, टाकीखाली, इंजिनाच्या बोल्टांपाशी."

"ब्लेड लावायचं नाही माझ्या रंगाला."

"मग ही शोकेसमध्ये ठेव. वर बाहुली बसव."

"वेगळी वायर ओढ अर्थची."

"शेठने ओढली असती का?"

तिथे माझा आवाज चढला. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. मी काय काय बोललो ते त्यांना पाठ असेल. तो ऐकून घेत होता. मग पक्कड पिशवीत टाकून म्हणाला, "गावाहून ये. मग बघू."

गणपती जवळ आले होते. आमचा घरचा गणपती कोकणात. वर्षभर कुठेही असलो तरी तेव्हा जावंच लागतं. मित्राच्या घरचा गणपती त्या वर्षी धाकट्या भावाच्या पाळीला होता आणि ह्याची स्वतःची पाठ धरली होती, म्हणून तो गेला नाही. शेडची किल्ली मी नेहमीसारखी त्याच्याकडे दिली. निघताना एवढंच म्हणालो, "रंगाला हात लावू नको."

गौरी-गणपती आटोपून परत आलो. पिशव्या दारात ठेवून आधी शेडकडे गेलो. मित्र तिथेच होता. त्याने चावी फिरवली, काटा थरथरला, दिवा लागला. त्याने रंग खरवडला होता, पण असा की बोल्ट बसल्यावर दिसणारही नाही. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी मान्य केलं नसतं. त्याला म्हणालो, "बरं केलंस." माझ्या तोंडून एवढं निघणं म्हणजे मोठी गोष्ट होती.

मग खाली वाकलो आणि इंजिनातून निघणारा वाकडा पाइप बघितला.

मी गेलो तेव्हा तो नव्या ताटासारखा पांढरा होता. नव्या क्रोमचं एक असतं. इंजिन एकदा चालून तापलं की इंजिनाजवळचा पाइप आधी पिवळट आणि मग निळसर जांभळा होतो. पुसून जात नाही. कोणी काही म्हणो, तो पाइप तापला होता.

"किक मारलीस?"

"कुठे?"

"माझ्या डोक्याला नाही विचारत. गाडीला."

"स्पार्क बघितला फक्त."

"स्पार्क प्लग बाहेर काढून बघतात. तेव्हा पाइप तापतो होय रे?"

"क्रोमवाल्याने हलकं काम केलं असेल. तू त्याला एवढा पिळलास, तो काय सोन्याचं पाणी देणार?"

"गणपतीची शपथ घे."

"शपथा कसल्या घालतोस यार. नाही मारली म्हटलं ना."

नाही मारली. असं स्वच्छ म्हणाला, माझ्या डोळ्यात बघून. माझी पाठ प्रवासाने मोडली होती, घरात पिशव्या तशाच पडल्या होत्या. मी धंद्यात कोणाच्या अशा बोलण्यावर विश्वास ठेवला नसता. पण त्याचं मला खरं धरायचं होतं, म्हणून धरलं. काटा मध्ये आणला, किक मारली. पहिल्याच किकला इंजिन उठलं. इतकी वर्षं मेलेलं इंजिन पहिल्या किकला असं उठत नाही. दहा वेळा शिंकतं, पाय दुखवतं, मग उठतं. शेडभर धूर झाला. बायको टाळ्या वाजवत बाहेर आली. मित्र हसत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता.

आता घाटकोपरला जायचं राहिलं होतं. तो आज नको, उद्या नको करत राहिला. पाऊस आहे. पाठ आहे. नवरात्र होऊ दे. शेवटी मी एकटाच रिक्षाने गेलो, शेठ घरी असतो का, गॅलरीत येतो का, ते बघायला.

दार त्याच्या सुनेने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "अय्या, गाडीवाले काका! या ना. बाबा रोज तेच सांगत असतात."

रोज काय सांगत असतात, ते मला कळेना. शेठ गॅलरीजवळ खुर्चीत बसला होता. हात बारीक झाले होते. माझ्या मनात इतकी वर्षं जो बसला होता तो माणूस ह्याच्या दुप्पट होता.

"आला का? बस, बस," तो म्हणाला. "काय म्हणते गाडी?"

"चालू झाली, शेठ."

"ते माहितीये रे. ऐकली ना मी! बसलो पण. त्याने मला नेलं रिक्षा करून, तुझ्या तिकडे मुलुंडला. तू गावी होता. त्याने आणि रिक्षावाल्याने धरून बसवला मला वर. काय किक मारली त्याने! एकात उठली." मग जरा पुढे झुकून म्हणाला, "आवाज थोडा जड आहे. इंजिनाचं टॅपेट बघून घे. आणि सीट काळी कशाला केली? माझी चॉकलेटी होती."

माझ्या अंगणात, माझ्या शेडमध्ये, मी पैसे टाकून घेतलेल्या गाडीवर शेठ बसून गेला होता. मी गाडी चालू करून ह्या माणसाला दाखवणार होतो, ती त्यानेच आधी ऐकली आणि मलाच टॅपेट सांगत होता. सुनेने चहा आणला. कप हातात धरून मी शेवटी विचारलं.

"शेठ, मला ओळखलंत ना?"

"ओळखणार नाही? तू टाकी पुसायचा. तो चाकं."

"तुम्ही मला काढलं होतंत."

"कोणाला? तुला?" तो हसला. दात नव्हते. "नाय रे. तू स्वतःचा धंदा करायला गेला. मी विचारायचो ना, तो कुठे आहे, तर तो सांगायचा, त्याने स्वतःचा धंदा काढला. बरोबर केलं. मी सगळ्यांना सांगतो, माझ्या दुकानातला पोरगा आहे, केवढा मोठा झाला."

"हो, नेहमी सांगतात," सून म्हणाली आणि माझ्यापुढे फरसाण सरकवलं.

त्याचं खोटं नव्हतं, हे मला दिसत होतं. धंद्यात माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचे हात काहीतरी करतात. ह्याचे हात मांडीवर निवांत पडले होते. त्याच्या डोक्यातून ती दुपारच गेली होती. मी मात्र तिच्यावर गाळे घेतले, घर घेतलं, गाडी घेतली. मी चहा संपवला. दुसरं काय करणार?

तिथून सरळ भांडुपला मित्राकडे गेलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "भावोजी, आधी बसा. ओरडू नका, शेजारी आजारी आहेत."

"मी ओरडत नाहीये."

खरंच ओरडलो नाही. जिना चढून दम लागला होता. मित्र लुंगीवर आतून आला, मला बघून दारातच थांबला.

"शेठकडून येतोय," मी म्हणालो.

तो खाली बसला. पाठ चोळत म्हणाला, "म्हातारा झालाय रे तो. जिना उतरत नाही. किती दिवस राहील? मला वाटलं, एकदा बसू दे. एकदा ऐकू दे."

"माझ्या गाडीवर?"

"त्याचीच ना ती."

"आणि मला तोंडावर नाही म्हणालास."

"तुला सांगितलं असतं तर तू येऊ दिला असतास त्याला?"

"नसता."

"मग?"

त्याच्या बायकोने मध्ये तोंड घातलं. "भावोजी, तुम्ही रागावता म्हणून नाही बोलले. तुमच्यासमोर कोण बोलेल?" मी रागावतो, हे काय नवीन आहे? वीज खात्यापासून बिल्डरपर्यंत सगळे माझ्यासमोर बोलतात, मोठ्याने बोलतात. ह्याच्यावर तर मी कधी मनापासून रागावलोच नव्हतो.

"आणि मी स्वतः काम सोडलं, हे कोणी सांगितलं त्याला?"

"धंदा काढलास म्हणालो. काढलास ना? खोटं कुठे आहे?"

"त्याने हाकललं म्हणून काढला."

"हो. पण आता ते उकरून काय मिळणार? तो खूश आहे, तुझं कौतुक करतो. तुला गाडी चालू करायची होती, की त्याला खाली मान घालायला लावायची होती?"

"दोन्ही," मी म्हणालो. "आणि तुला माहीत होतं. टाळी दिली होतीस."

तो म्हणाला, जेवून जा. मी न जेवता आलो. त्यानंतर त्याने फोन केले, मी उचलले नाहीत. बायको उचलते आणि दाराआड जाऊन हळू बोलते. मला सगळं ऐकू येतं.

लोक मला म्हणतात, सोड आता, वय काय तुझं. सोडायला मी तयार आहे. शेठला मी काही विचारणार नाही. ज्याला आठवत नाही त्याला काय विचारायचं? पण मित्राला आठवतं. त्या दुपारी दुकानात, ती गिऱ्हाईक बाई सोडली तर, आम्ही तिघं होतो. एक विसरला. दुसऱ्याने ते इतकी वर्षं गोड करून सांगितलं. आता मी खोटं बोलत नाही, हे सांगणारा एकच माणूस शिल्लक आहे, आणि तोच लुंगी सावरत मला जेवून जा म्हणतो.

मला माफी नको. गाडी हवी तर त्याने घेऊन जावी, चावी खिळ्याला आहे. पण आधी त्याने माझ्याबरोबर घाटकोपरला यावं, शेठच्या खुर्चीसमोर उभं राहावं, सुनेलाही आत बोलवावं, आणि सांगावं: गाडीवर बस असं कोण म्हणालं, दुकानातून कोणाला काढलं, आणि तेव्हा खाली मान घालून चाक कोण पुसत राहिलं. शेठला कळो न कळो. मी तिथे बसून ऐकणार आहे. तो कधी येतोय, ते त्याने मला सांगावं.